आप्पांनी बसवलेली झाकणं

आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले तेव्हा सगळ्यांना मोठा आनंद झाला होता. सुरतेच्या उधन्यात आमच्यासारख्या दोन ओळींच्या रो-हाउसच्या सोसायट्या पुष्कळ आहेत. समोरासमोर बारा-बारा घरं, मध्ये टेम्पो जेमतेम वळेल एवढी गल्ली, प्रत्येक घराला ओटा, आणि ओट्याच्या पुढे जमिनीत त्या घराच्या सांडपाण्याचा चेंबर. आधी गल्ली नुसत्या कोब्याची होती, जागोजागी उखडलेली. चेंबरांवर कुणाच्या बिडाचं झाकण, कुणाच्या शहाबादी फरशी, कुणाच्या कडप्प्याचा तुकडा. बिडाची झाकणं चोरीलाही जायची, कारण भंगारवाला ती डोळे झाकून घेतो. लाल-करडे ब्लॉक बसले आणि हे सगळं दिसेनासं झालं. बसवणाऱ्यांनी कित्येक चेंबरांवर सरळ ब्लॉक टाकले, त्यांना कुणी अडवलं नाही. ज्यांची झाकणं उघडी राहिली होती त्यांतल्या काहींनी मागाहून स्वतःच त्यांवर टाइल चिकटवून घेतल्या. गल्ली पाहुण्यांना दाखवण्यासारखी झाली.

दोन वर्षांनी, नवरात्र संपता संपता, शेवटच्या चार घरांच्या मोऱ्यांतून पाणी उलटं वर येऊ लागलं.

लांब बांबूची पट्टी घेऊन गटार मोकळं करणारा माणूस आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "चेंबर कुठे आहेत?" गल्लीत वीस-बावीस माणसं उभी होती. कुणालाच सांगता येईना. बिल्डर केव्हाच गाव सोडून गेला होता, नकाशा कुणी पाहिलेला नव्हता. जो तो अंदाजाने बोट दाखवत होता आणि तो माणूस ब्लॉक उखडून बघत होता. दोन ठिकाणी खाली नुसती वाळू निघाली.

तेव्हा आप्पा बाहेर आले. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं वय ऐंशीच्या वर गेलं होतं. चाळीस वर्षं ते इथल्याच एका मिलमध्ये फिटर होते. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, लग्न केलं नाही, आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. बनियन-लेंग्यावर, हातात बोटभर जाडीची लोखंडी सळई घेऊन ते गल्लीच्या टोकाला गेले. सळईचं एक टोक त्यांनी ब्लॉकवर टेकवलं, दुसरं कानाशी धरलं, आणि मला म्हणाले, "माय, तू पाय आपट. जोरात नको."

मी पाय आपटत त्यांच्या पुढे पुढे सरकत गेले. मिलमध्ये ते असंच करायचे, हे मला ठाऊक होतं. चालत्या मशीनच्या बेअरिंगवर पान्ह्याचं टोक टेकवून दांडा कानाला लावायचा आणि आत काय बिघडलंय ते ऐकायचं. मी लहान असताना ते घरच्या शिलाई मशीनलाही असाच कान लावत आणि आम्हा भावंडांना हसू यायचं. त्या दिवशी गल्लीत कुणी हसलं नाही. सातव्या घरापुढे ते थांबले आणि घरी बोलतात तसं अहिराणीत म्हणाले, "आठेच शे." इथेच आहे. पट्टीवाल्याने ब्लॉक काढले. खाली कडप्प्याचा तुकडा, त्याच्याखाली चेंबर. दुपारपर्यंत आप्पांनी असे अकरा चेंबर शोधून दिले.

पाणी उतरलं, पण आतली जुनी झाकणं फुटलेली निघाली. काही तर हात लावताच दोन तुकडे झाली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता एकदाच सगळीकडे नवीन झाकणं बसवायची. ती कुठली, हे बघण्याचं काम आप्पांच्या गळ्यात पडलं. त्यांच्या गळ्यात म्हणजे माझ्याही, कारण त्यांना एकट्याने एवढ्या लांब पाठवणं शक्य नव्हतं.

हजिऱ्याच्या रस्त्याला इच्छापोरकडे सिमेंटचा तयार माल करणारी आवारं आहेत. कंपाउंडचे खांब, बाकडी, पाइप आणि गटारांची झाकणं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही बस आणि मग रिक्षा करून तिकडे गेलो. डिसेंबर होता, ऊन अंगाला बरं वाटत होतं. आवारात झाकणांच्या चळती लावलेल्या होत्या, गोल आणि चौकोनी, सिमेंटची, बिडाची, फायबरची. एका शेडमध्ये चकचकीत स्टीलच्या चौकटी होत्या. त्यांच्यात टाइल भरली की खाली झाकण आहे हे कळतसुद्धा नाही. तिथला माणूस आधी आम्हाला तिकडेच घेऊन गेला. "आता सगळ्या सोसायट्या हेच नेतात," तो म्हणाला.

आप्पा त्या शेडमध्ये फार वेळ थांबले नाहीत. ते चळतींकडे गेले आणि एकेक झाकण उलटं करून बघू लागले. सिमेंटचं जड असलं की तिथल्या मजुराला हाक मारत, "जरा पलटी करा." खालच्या बाजूच्या आडव्या-उभ्या पट्ट्या बोटांनी चाचपत. कडेला कुठे भेग आहे का, सळी बाहेर आली आहे का, ते बघत. मग मला म्हणाले, "हे उचल."

मी फायबरचं एक गोल झाकण दोन्ही हातांनी उचललं. जमलं.

"आता हे."

सिमेंटचं झाकण मला जागचं हलेना. आप्पांनी त्यातल्या दोन कड्या दाखवल्या. "याला दोन माणसं आणि दोन आकडे लागतात. हे मधल्या रस्त्यात, जिथून टेम्पो जातो तिथे. घरापुढे बाईमाणसाला एकटीला उघडता आलं पाहिजे असंच घ्यायचं. उघडायला सोपं असलं तर लोक वेळेवर उघडतात. जड असलं की तुंबेपर्यंत कुणी बघत नाही."

"आणि चौकोनी?" मी विचारलं. चौकोनी झाकणं ब्लॉकमध्ये नीट बसली असती, कापाकापी कमी झाली असती, असं मला वाटत होतं.

"चौकोनी नको," ते एवढंच म्हणाले.

आवारातला माणूस हसत म्हणाला, "काका, गिऱ्हाईक येतं ते वरून बघतं. रंग कोणता, नक्षी कोणती. तुम्हीच पहिले, जे खालून बघता."

आप्पा म्हणाले, "मी खालूनच पाहिलंय आधी."

त्या माणसाला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मलाही तसंच वाटलं. पण आप्पांनी हातातली धूळ झटकली, तिथल्याच एका विकायला ठेवलेल्या सिमेंटच्या बाकड्यावर बसले आणि मला शेजारी बसायला सांगितलं. आवारातला माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता.

आप्पा सुरतेला कसे आले ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली होती. जळगाव जिल्ह्यातलं गाव, अठराव्या वर्षी भुसावळहून तापीच्या काठाकाठाने येणारी पॅसेंजर, एक पत्र्याची पेटी, आणि मग मिल. ही गोष्ट सांगताना ते नेहमी स्टेशनवरून थेट मिलच्या गेटवर पोहोचत. त्या दिवशी मला कळलं की मध्ये चार महिने होते.

"गेटवर सांगितलं, होळीनंतर या," आप्पा म्हणाले. "होळीपर्यंत खायचं काय? शेजारच्या गावातला एक जण भेटला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तो गटाराच्या ठेकेदाराकडे होता. त्याने मला नाव विचारलं, गाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, चल."

ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर कामगार साच्यात ओलं सिमेंट भरून ठोकत होते, तिकडे बघत बोलत होते.

"दोघं जण एका वेळी. एक आत, एक वर. तो मला फार वेळ आत राहू द्यायचा नाही. म्हणायचा, तू अजून पोरगा आहेस, तू वर थांब. तरी उतरावं लागायचं. वरून बघणाऱ्याला नुसता अंधार दिसतो, माय. आत उभं राहून वर बघितलं तर उजेडाचा एक तुकडा दिसतो, ताटाएवढा. सगळं लक्ष त्या तुकड्यावर असतं."

साच्यांच्या ठोकण्यात त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून मी जवळ सरकले.

"एक दिवस तो आत होता. वर मी आणि आणखी एक नवा माणूस. झाकण चौकोनी, बिडाचं. आम्ही ते बाजूला सारून काठावर उभं करून ठेवलं होतं. कुणाचा धक्का लागला देव जाणे. चौकोनी झाकण तिरकं झालं की आपल्याच भोकातून आत जातं. गोल जात नाही, कसंही धरा. ते आत गेलं. त्याच्या खांद्यावर पडलं."

"वाचले ते?"

"वाचला. पण तो हात परत वर झाला नाही. आठ दिवसांनी त्याला गावच्या गाडीत बसवून दिलं. मी त्याच दिवशी काम सोडलं. होळीपर्यंत स्टेशनवर हमालांच्या हाताखाली काढले दिवस. मग मिलमध्ये लागलो. तुझ्या आईला मी हे सांगितलं नाही. तिच्या माहेरच्यांनी मिलचा कामगार बघून मुलगी दिली होती."

थोड्या वेळाने ते उठले आणि आवारातल्या माणसाला हाक मारून झाकणाच्या कडेची जाडी विचारू लागले, जणू मधलं काही झालंच नव्हतं. परतताना रस्त्याच्या कडेला पोंकाचे तंबू लागले होते. सुरतेच्या हिवाळ्यात ज्वारीचा कोवळा भाजलेला हुरडा शेव आणि लिंबू घालून मिळतो, तोच पोंक. आप्पांना तो फार आवडायचा. आम्ही एका कागदात दोघांत घेतला. दात कमी राहिले होते, त्यामुळे ते एकेक दाणा सावकाश चावत होते. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. माझ्या लहानपणी त्या हातांना मिलमधून आल्यावर कापडाचा रंग लागलेला असे, कधी हिरवा, कधी जांभळा. त्यांच्याइतकं घासून आंघोळ करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्हाला वाटायचं, रंग निघावा म्हणून घासतात.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सोसायटीची बैठक झाली. आमच्याच ओट्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. बोलणं गुजरातीत चाललं होतं, मी इथे मराठीत सांगते. आप्पांनी नमुन्याचं एक गोल झाकण आणलं होतं. ते मध्ये ठेवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. घरापुढे फायबरची गोल झाकणं, रस्त्यात सिमेंटची गोल झाकणं, आणि शेवटचा चेंबर मोठा करून त्याचं तोंड रुंद करायचं, म्हणजे महापालिकेच्या जेटिंग मशीनच्या, म्हणजे पाण्याच्या जोराने गटार मोकळं करणाऱ्या गाडीचा पाइप वरूनच आत जाईल.

आमच्या समोरच्या घरात साड्यांचा व्यापार करणारे एक शेठ राहतात. पर्वत पाटियाकडे त्यांचं दुकान आहे. त्यांच्याशी आमचं वीस वर्षांचं येणं-जाणं. माणूस वाईट नाही, पण घराच्या दर्शनी भागाची त्यांना फार हौस. त्यांनी ओट्यापुढे नुकतीच संगमरवरासारखी टाइल बसवून घेतली होती.

"काका, आ सारुं नथी लागतुं," ते म्हणाले, म्हणजे हे चांगलं दिसत नाही. "दाराच्या पुढ्यातच झाकण. येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिली तीच वस्तू दिसणार. टाइल भरायची चौकट मिळते, ती सगळ्यांनी घेऊ."

"टाइल भरली की दोन वर्षांत सांधे बुजतात," आप्पा म्हणाले. "मग ती कुणी उघडत नाही. परत तुंबेल."

"तुंबलं तर फोडू. माणूस बोलावू, तो उतरून काढेल."

"कोण उतरेल?"

"उतरणारे असतात, काका."

आप्पांनी खुर्ची पुढे सरकवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की ते आता काय बोलणार आहेत. मला वाटलं, नको. मी त्यांच्या खुर्चीला हातही लावला.

"मी होतो उतरणारा," आप्पा म्हणाले. "या शहरातल्याच गटारांत. तीन महिने."

मग त्यांनी ते सगळं सांगितलं. आवारात मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत, आपल्या खानदेशी वळणाच्या गुजरातीत. होळी, ठेकेदार, चौकोनी झाकण, खांदा. आवाज चढला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि झाकणाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे गोल आहे. आत पडत नाही. आणि शेवटच्या चेंबरचं तोंड मोठं केलं तर कुणाला उतरावंच लागणार नाही. म्हणून म्हणतो."

मी जमिनीकडे बघत होते. इतक्या वर्षांनी लिहिताना खोटं कशाला लिहू? मला लाज वाटली. आमच्या गल्लीत आम्ही कोण हे सगळ्यांना माहीत होतं, विहारात जाताना पांढरे कपडे घालून निघतो हे दिसायचंच. पण त्यावर मिलमधला फिटर आणि शाळेतली बाई असं एक चांगलं, स्वच्छ आवरण होतं. शाळेतल्या एक सहकारी बाई त्याच गल्लीत राहतात, त्याही बैठकीत होत्या. उद्या स्टाफरूममध्ये हे पोहोचेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग कोपऱ्यावरच्या घरातल्या बा, त्यांचं वय आप्पांच्याच जवळपास, काठी टेकत उठल्या. त्यांचा मुलगा परदेशी होता, त्या एकट्या राहत. नमुन्याच्या झाकणाजवळ जाऊन त्यांनी वाकून कडी धरली आणि ते उचलून पाहिलं. वीतभर उचललं गेलं.

"मने तो आ गोळ ज जोईए," त्या म्हणाल्या. मला हे गोलच हवं.

त्यांच्यामागून एकेकाने हो म्हटलं. शेठ म्हणाले, बाकीच्यांनी हवं ते करावं, पण आपल्या दारापुढे टाइलच राहील. आप्पांनी वाद घातला नाही.

घरात आल्यावर ते मोरीत पाय धूत होते. मी दारात उभी राहून म्हटलं, "आप्पा, हे तिथे सांगायची काय गरज होती?"

"मग कुठे सांगायचं?"

"मला सांगितलं होतं ना तुम्ही."

त्यांनी नळ बंद केला. "माय, त्यांना वाटतं उतरणारा माणूस कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो. त्यांच्या ओळखीचं कुणी कधी उतरलेलं नसतं. आता एक आहे."

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनीही मला काही समजावलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत त्या सहकारी बाई मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या. मी मनाची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "तुमचे वडील बोलले त्या रात्री आमच्या सासऱ्यांनी पहिल्यांदा आम्हाला सांगितलं, ते हिऱ्याच्या कारखान्यात लागण्याआधी काय काय करत होते ते." मी डबा उघडला आणि त्यांच्यापुढे केला. घरी गेल्यावर आप्पांना चहा करून दिला आणि विचारलं, कडिया कधी येणार आहे? ते म्हणाले, परवा. एवढ्यावर आमचं मिटलं. सगळंच गोड झालं असं मात्र नाही. एका घरातून सणावाराला येणारी वाटी त्यानंतर कधी आली नाही. तेही मी इथे लिहून ठेवते.

कडिया, म्हणजे गवंडी, नंदुरबारकडचा होता. त्याच्याबरोबर त्याची बायको आणि मेहुणा. झाकणं बसवायला त्यांना नऊ दिवस लागले. आप्पा सकाळी आठला प्लास्टिकची खुर्ची घेऊन गल्लीत जाऊन बसत आणि सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत. त्यांची आणि कडियाची रोज एकदा तरी जुंपायची. कडियाला चौकट ब्लॉकच्या अगदी बरोबरीत बसवायची होती. आप्पा म्हणत, दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर.

"ठेच लागेल ना, बाबा."

"दोन सुताने ठेच लागत नाही. बरोबरीत बसवलीस तर रस्त्याचं सगळं पाणी आत जाईल. आणि चौकट एकटी नको बसवू. झाकण आत ठेवूनच बसव, नाहीतर माल आवळताना चौकट वाकडी होते."

कडिया चरफडत तसं करायचा. सिमेंट आवळलं की त्यावर ओली गोणपाटं टाकायची, तीन दिवस दोन्ही वेळ पाणी मारायचं, गाडी जाऊ द्यायची नाही. त्या दिवसांत गल्लीतले सगळे स्कूटरवाले कोपऱ्यावर गाड्या लावून चालत घरी येत. संध्याकाळी आप्पा ग्रीसचा डबा घेऊन फिरत आणि प्रत्येक चौकटीच्या खाचेत बोटाने ग्रीस फिरवत. मी शाळेतून यायचे तेव्हा ते कुणाच्या तरी ओट्यापुढे उकिडवे बसलेले दिसायचे. त्या घरातली बाई त्यांच्याजवळ उभी असायची आणि ते तिला आकडा कसा अडकवायचा ते दाखवत असायचे. "उघडलं की लगेच वाकून बघायचं नाही. वास जाऊ द्यायचा. काडी पेटवायची नाही." चोवीस घरांत त्यांनी हे चोवीस वेळा सांगितलं असेल. माझ्याकडून तर त्यांनी तीन वेळा उघडून घेतलं. ते नऊ दिवस माझ्या आठवणीत फार सुखाचे आहेत. आई गेल्यानंतर त्यांना इतकं कामात मी पाहिलं नव्हतं. रात्री जेवताना ते उद्या कुठली चौकट बसवायची ते सांगत, आणि जेवण झाल्याबरोबर झोपी जात.

शेवटच्या दिवशी त्यांनी शेठना हाक मारली. "तुमची टाइल राहू द्या. पण चेंबर कुठे आहे ती खूण तरी करू द्या." शेठ जरा ओशाळले होते. त्यांनी स्वतःच आतून लाल रंगाचा डबा आणि ब्रश आणला. आप्पांनी सळई टेकवून जागा ठरवली आणि शेठनी कंपाउंडच्या भिंतीवर, अगदी खाली, एक बाण काढला. रंग ओघळला. तो अजून तसाच आहे, ओघळासकट.

त्या पावसाळ्यात खाडीला पूर आला. आमच्याकडे पुराचं पाणी आभाळातून कमी आणि खाडीतून जास्त येतं. ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी चढलं, दीड दिवस राहिलं आणि उतरलं. मागे गाळ ठेवून गेलं. पूर्वी अशा वेळी सगळे माणूस शोधत फिरायचे. या वेळी सकाळी बायका आकडे घेऊन बाहेर आल्या. बांनीही आपलं झाकण स्वतः उघडलं, मग शेजारच्या सुनेने त्यांच्या चेंबरमधला गाळ लांब दांड्याच्या डावाने वर काढून दिला. मी साडी खोचून आमचा साफ केला. आप्पा ओट्यावर पाय सोडून बसले होते. गुडघे त्यांना साथ देत नव्हते. मी ग्रीस विसरले तेव्हा त्यांनी तिथूनच सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. आजार काही मोठा नव्हता, वय होतं. मी निवृत्त झाले, आणि झाकणांचं काही निघालं की गल्लीतली माणसं माझ्याकडे येऊ लागली. मला त्यातलं जेवढं कळतं तेवढं मी सांगते.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगायची राहिली. दहाव्या घरात नवे भाडेकरू आले होते. शेवटचा चेंबर भरला, तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता बाहेरून एक माणूस बोलावला. दुपारची वेळ, गल्ली सामसूम. त्या माणसाने मोठं झाकण सारलं, शर्ट काढून भिंतीवर ठेवला आणि काठावर बसून पाय आत सोडले. मी आत निजले होते. मला जाग आली ती समोरच्या शेठच्या आवाजाने.

"ए भाई, बाहेर ये. पाय बाहेर काढ आधी."

मी बाहेर आले. शेठ अनवाणीच धावत गेले होते. त्यांनी त्या माणसाचा दंड धरला होता. "आमच्या सोसायटीत कुणी उतरत नाही," ते म्हणत होते. "मशीनची गाडी येते. ती येईपर्यंत थांबू आम्ही."

तो माणूस तिशीचा असेल. त्याला हे कळेना. "मला बोलावलंय," तो म्हणाला. "आलोय तर करून जातो."

मी महापालिकेत फोन केला. गाडी दुसऱ्या दिवशी येईल म्हणाले. शेठच्या घरातून चहा आला. तो माणूस आमच्या ओट्यावर बसून चहा प्याला, आणि कप खाली ठेवून म्हणाला, "मग आता मी काय करू? माझा दिवस गेला."

त्याचं म्हणणं खरं होतं. आम्ही त्याला उतरू दिलं नाही यात आमचं समाधान झालं होतं, त्याचं नाही. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घरापुढचे लहान चेंबर पावसाळ्यानंतर कुणी साफ केलेले नाहीत, ते वरून, डावाने काढून द्या, दिवसाची मजुरी देऊ. तो तयार झाला. संध्याकाळपर्यंत त्याने तेवीस घरांची झाकणं उघडली आणि लावली. चोविसाव्या घरापुढे शेठनी त्याला टाइल दाखवली आणि म्हणाले, हे राहू दे, हे माझं मी बघतो.

काम संपल्यावर त्याने आमच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, शर्ट घातला. मग विचारलं, मोबाइल थोडा वेळ चार्जिंगला लावू का. मी लावून दिला. मी भाकरी टाकत होते, त्याला विचारलं, दोन खाल का? तो हो म्हणाला. उंबऱ्याशी बसू लागला तेव्हा मी त्याला आत खुर्चीवर बसायला सांगितलं. जेवताना तो त्याच्या मुलीविषयी बोलत होता. ती चौथीत होती आणि तिला पाढे पाठ होत नव्हते. मी विचारलं, कितीपर्यंत येतात? तो म्हणाला, तेरापर्यंत येतात, चौदाला अडते.